ओल्या कागदातला हात

सकाळी उठलो की आधी अंथरूण झटकायचं, मग झाडू घ्यायचा आणि मग तोंड धुवायचं, असा माझा क्रम कित्येक वर्षांचा होता. झाडूत जे यायचं ते माझंच असायचं. पांढरं, हलकं, तांदळाच्या कोंड्यासारखं. पंखा चालू असला तर ते भिंतीच्या कडेला जाऊन बसायचं, आणि दार उघडलं की हळूहळू उंबऱ्याकडे सरकायचं. जणू मी कामाला निघायच्या आधी त्यालाच कुठंतरी जायचंय. मी ते कागदावर गोळा करून लांब टाकून यायचो. कापलेली नखं आणि गळालेले केस दुसऱ्याच्या पायाखाली जाऊ नयेत, असं आई सांगायची. कातडीबद्दल तिनं काही सांगितलं नव्हतं, कारण कातडीचं तिला माहीतच नव्हतं.

मी गोंदियाकडचा, धानाच्या मुलखातला. आठवीत असताना शाळा सुटली ती सुटलीच. गावातल्या चौघांबरोबर जालन्याला सळईच्या कारखान्यात आलो. भट्टीसमोर महिनाभर उभा राहिलो आणि कोपरांवर, नडग्यांवर जे थोडे खवले होते ते तळहातांवर आले. हात भेगाळले. सळईच्या कामातून काढलं, पण कुणीतरी शब्द टाकला आणि मला बियाण्याच्या कंपनीत उगवण तपासायच्या खोलीत मदतनीस म्हणून घेतलं. त्या माणसाचे उपकार मी विसरलेलो नाही. ती खोली नसती तर मी केव्हाच परत गेलो असतो, आणि परत जाऊन दाखवायला माझ्याकडं हे हातच होते.

खोलीचं काम सांगतो, कारण पुढचं सगळं त्याच्यातूनच झालं. जाड खाकी कागद पाण्यात बुडवायचा आणि उभा धरून निथळू द्यायचा. त्याच्यावर सरकी दहा-दहाच्या ओळीत मांडायची. वरून दुसरा ओला कागद घालून गुंडाळी करायची, ती प्लास्टिकमध्ये लपेटायची, दोन्हीकडं रबर लावायचं आणि ट्रेमध्ये उभी करायची. अशा गुंडाळ्यांनी भरलेले ट्रे एका बंद खोलीत. तिथं दिवसरात्र एकच ऊब आणि एकच पांढरा उजेड. ठरलेल्या दिवशी गुंडाळी उलगडायची आणि कोंब हातानं उचलून तीन ढीग करायचे. चांगलं रोप, बिघडलेलं रोप, मेलेलं बी. शेतकऱ्याच्या हातात कुठलं पोतं जाईल आणि कुठलं जाणार नाही, ते या तीन ढिगांवरून ठरतं. म्हणून हात हलका पाहिजे. माझ्या तळहाताच्या भेगांत कोंब अडकून तुटायचे. तुटलेला कोंब कुठल्याच ढिगात बसत नाही.

पहिल्या आठवड्यात मी आमच्या मॅडमना म्हणालो होतो, "मॅडम, आत एकटा असलो की कुणीतरी श्वास घेतंय असं वाटतं."

मॅडम जालन्याच्याच, शेतीचं कॉलेज शिकलेल्या. वहीतून मान वर न काढता म्हणाल्या, "घेतंच ना. बी श्वास घेतं. शाळेत शिकवलं न्हाई का?"

शिकवलं असेल. मी तोवर निघून गेल्तो.

त्यांनीच मला कातडीच्या डॉक्टरकडं पाठवलं. स्पष्ट बोलल्या, "तुटलेले कोंब लई वाढलेत. हात नीट कर, न्हाई तर तुला पोत्यांवर टाकावं लागेल." पोत्यांवर म्हणजे गोदामात, आणि गोदामातला माणूस हंगाम संपला की घरी. माझं सगळं त्या एका वाक्यावर टांगलेलं होतं.

डॉक्टरबाईंनी हात उलटसुलट करून बघितले आणि म्हणाल्या, "सोरायसिस. हा दुसऱ्याला लागत न्हाई, कायमचा जातही न्हाई, पण आवरता येतो." मग त्यांनी एक मलम लिहून दिलं आणि माझ्याच बोटावर पेनानं खूण केली. बोटाच्या टोकापासून पहिल्या पेराच्या रेघेपर्यंत ट्यूबमधून जेवढी दोरी निघते, तेवढ्यात दोन पंजांएवढी जागा झाली पाहिजे. दिवसातून एकदा, संध्याकाळी. दोन आठवडे, मग दाखवायला यायचं. तोंडाला न्हाई, काखेत न्हाई, जांघेत न्हाई. वरून काही बांधायचं न्हाई. "भारी औषध आहे हे. कळलं ना?"

मी मान हलवली. शाळेपासूनची सवय. मान हलवली की पुढचा प्रश्न येत नाही.

दोन आठवड्यांत हातांवरचं उतरलं. भेगा मिटल्या, खवले पातळ झाले. बरं झालंय तर दाखवायला कशाला जायचं, म्हणून गेलो नाही. महिन्याभरात पुन्हा चढलं तेव्हा जुनीच चिठ्ठी घेऊन औषधाच्या दुकानात गेलो. दुकानदारानं चिठ्ठीकडं बघितलं, तारखेकडं बघितलं नाही. पुढं पुढं तर चिठ्ठीही लागेना, मला बघूनच तो ट्यूब काढायचा.

पण मलमाचा एक त्रास होता. ते बाह्यांना लागायचं, उशीला लागायचं, आणि अंगावर किती राहतं कोण जाणे, असं वाटायचं. एका संध्याकाळी कामावरून निघताना मी उरलेल्या प्लास्टिकची घडी खिशात घातली. मला बाबा आठवले होते. पेरणीच्या आधी बाबा धान भिजवायचे, पोत्यात बांधायचे, वर तणस, म्हणजे धानाचा पेंढा, घालायचे आणि त्यावर दगड ठेवायचे. तिसऱ्या दिवशी पोत्यात हात घातला की आत गरम लागायचं आणि सगळ्या दाण्यांना मोड. "ओल, ऊब अन् बंद तोंड," बाबा म्हणायचे, "मग काहीबी जागं होते." माझ्या खोलीतही तेच तर चालू होतं. मी मलम जाड लावलं, हाताभोवती कोपरापर्यंत ओला कागद गुंडाळला, वर प्लास्टिक, दोन्हीकडं रबर. दुसऱ्या हातालाही तसंच, दातांनी धरून. आणि झोपलो.

मी जिथं भाड्यानं राहतो ते घर नवीन जालन्यात, स्टेशनच्या मागच्या अंगाला. मालकीणबाई मुसलमान, सगळी गल्ली त्यांना खाला, म्हणजे मावशी, म्हणते. खाला शिवणकाम करतात. मी राहायला आल्यावर चौथ्या दिवशी त्यांनी माझ्या झाडूतलं बघितलं होतं. मला वाटलं आता खोली खाली कर म्हणतील. मी स्वतःहूनच म्हणालो, जातो. त्या म्हणाल्या, "अरे बैठ. मेरे भाई को था. आटा छानते ना, वैसा गिरता था. जा, मुँह धो." त्या दिवसापासून माझा अर्धा जीव त्या घरात आहे.

प्लास्टिकची ती पहिली सकाळ खालांनी बघितली. मी नळावर गुंडाळी सोडत होतो.

"ये क्या? हाताचं लोणचं घालून राह्यला का?"

"औषध आहे, खाला."

"मीठ बराबर टाकलं का मग?" आणि मशीनवर जाऊन बसल्या.

आठ दिवसांत कोंडा बंद झाला. नववा दिवस मला आठवतो. अंथरूण झटकलं, काही पडलं नाही. झाडू मारला, काही आलं नाही. मी पुन्हा मारला. भिंतीच्या कडेला बोट फिरवलं. इतकी वर्षं रोज सकाळी माझं जे काही गळायचं, ते त्या दिवशी कुठंच नव्हतं. आनंद झाला, नाही असं नाही. पण मी बराच वेळ झाडू धरून उभा होतो. घरातून कुणीतरी न सांगता निघून गेल्यावर वाटतं तसं काहीतरी वाटलं.

मी गुंडाळणं चालूच ठेवलं. पावसाळा गेला, थंडी आली, रोज संध्याकाळी मी स्वतःला बांधत होतो. हात गुळगुळीत झाले. फार गुळगुळीत. मनगटावर निळ्या शिरा वर आल्या, कातडीच्या खाली नाही, कातडीतच असल्यासारख्या. सकाळच्या उन्हात हात धरला की एक शीर उडताना दिसायची. कोपराच्या आतल्या बाजूला जांभळ्या रेघा उठल्या. रबराचा वळ पडायचा तो दोन-दोन दिवस जायचा नाही. एकदा खालांच्या पिशवीचा बंद हातावर घासला, एवढ्यानं काळंनिळं झालं. कापड हाताळणारी ती बाई, माझं मनगट चिमटीत धरून म्हणाली, "घिस गया रे. धुवून धुवून मलमल होतं ना, तसं. इसमें से तो उस पार दिखता."

मी हात ओढून घेतला. मला राग आला होता. कोंब आता तुटत नव्हते, मॅडम काही बोलत नव्हत्या, मग ह्यांचं काय?

आई व्हिडिओ कॉलवर म्हणायची, "चेहराच दाखवतो रे बाबू. हात काहून लपवतो?" मी म्हणायचो, फोन धरलाय ना हातात.

मग यंत्रानं मला ओळखायचं सोडलं.

कंपनीच्या फाटकावर हजेरीचं यंत्र आहे. अंगठा ठेवला की हिरवा दिवा लागतो आणि आतली बाई 'थँक यू' म्हणते. एका सकाळी ती म्हणाली, 'प्लीज ट्राय अगेन'. मी अंगठा पुसला, ठेवला. 'प्लीज ट्राय अगेन'. मागं रांग लागली. पहारेकरी काका परतूरकडचे, तोंडाळ माणूस.

"का रे, आज तू आलास का तुझं भूत आलंय?"

सगळे हसले, मीही हसलो. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी दहाही बोटं ठेवून झाली. काका आता हसत नव्हते. त्यांनी माझा अंगठा उजेडाकडं धरला आणि म्हणाले, "रेघाच न्हाईत की याच्यावर." मग अंगठा हळूच सोडला, गरम भांडं सोडतात तसा. त्या दिवसापासून ते माझं नाव वहीत लिहून घेत. पण लिहिताना माझ्याकडं बघत नसत.

त्याच आठवड्यात मी एक गुंडाळी उलगडली. घाईत बनवलेली, पाणी न निथळवता बांधलेली, माझीच. आतले कोंब लांबच लांब वाढलेले, एकमेकांत गुंतलेले. मी एक उचलला तर तो बोटात दिसेनाच. पाण्याचा बनवल्यासारखा. त्याच्या आरपार माझ्या बोटाची कड दिसत होती.

"मॅडम, हे कुठल्या ढिगात?"

मॅडम आल्या, वाकून बघितलं. "काचेरी झालं हे. जास्त ओल, हवा न्हाई. बघायला लांब दिसतं, पण मातीत उभं राहात न्हाई, मरतं. बिघडलेल्यात टाक."

त्या गेल्या. मी कोंब टाकला नाही. दिव्याखाली माझ्या मनगटावर आडवा ठेवला. कुठं कोंब संपतो आणि कुठं मी सुरू होतो ते कळत नव्हतं. ट्रेमधल्या गुंडाळ्या ओळीनं उभ्या होत्या, प्रत्येकीला दोन रबरं, आणि माझ्या दोन्ही मनगटांवर तसेच दोन वळ. त्या सगळ्या मिळून सावकाश श्वास घेत होत्या. मला पहिल्यांदा वाटलं की ह्या मला ओळखतात. यंत्र ओळखत नसेल, ह्या ओळखतात.

त्या संध्याकाळी मी ट्यूब नालीत फेकली. प्लास्टिक फेकलं. कुणाला विचारलं नाही. शाळासुद्धा मी अशीच सोडली होती, एका दुपारी, मागं न बघता.

पाच-सहा दिवस काही झालं नाही. मग हात आतून भाजायला लागले. लाली जुन्या जागा सोडून पुढं निघाली. दंडावर, पोटावर, पाठीवर, जिथं मला कधीच काही नव्हतं तिथं. एका दुपारी मी ट्रे बदलायला आत गेलो, त्या उबेच्या खोलीत, आणि थंडीनं कापायला लागलो. दात वाजत होते. बाही वर केली तर लाल कातडीवर मोहरीएवढे पांढरे ठिपके, ओळी धरल्यासारखे, जणू कुणीतरी माझ्यावर पेरणी केली होती. मी ते मोजायला लागलो. दहा-दहाच्या ओळी लावत होतो, खरंच. दार उघडलं तेव्हा मॅडमना मी जमिनीवर बसलेला दिसलो, आणि मी त्यांना सांगत होतो की हे कुठल्या ढिगात टाकायचे ते मला ठरवता येत नाही.

मॅडमनी स्वतःच्या गाडीतून दवाखान्यात नेलं. खाला रिक्षानं आल्या, दोन पायांत दोन वेगवेगळ्या चपला.

डॉक्टरबाईंनी मला ओळखलं. सगळं बघितलं आणि शांतपणे विचारलं, "बांधायला कुणी सांगितलं?"

"कुणी न्हाई."

"मंग?"

"बी बांधतात म्हणून."

मला वाटलं हसतील. त्या स्टूल ओढून बसल्या आणि म्हणाल्या, "पहिल्यापासून सांग." मी पोत्यापासून सांगितलं, बाबांच्या दगडापासून. अंगात ताप होता म्हणून असेल, मी पहिल्यांदाच डॉक्टरसमोर इतकं बोललो.

त्या म्हणाल्या, "तुझ्या बाबांचं बराबर होतं. त्यांना पाणी दाण्याच्या आत घालायचं होतं. तू औषध आत घातलंस. ते गेलं, जायला नको तितकं गेलं. कातडी त्यानंच विरली. आणि ज्या दिवशी घाबरलास त्या दिवशी एकदम सोडलंस, ते तर त्याहून वाईट. इतके महिने भारी मलमावर राहिल्यावर ते असं तोडायचं नसतं, तोडलं की सोरायसिस असे पुवाचे फोड घेऊन अंगभर उसळतो. घाबरलास तेव्हा इथं यायचं होतं."

मी मान हलवली. त्यांनी माझ्याकडं बघितलं. "मान नको हलवू. मी काय म्हणाले, ते सांग."

मला सांगता आलं नाही. कोपऱ्यात उभ्या खालांनी सांगितलं, त्यांच्या बोलीत, शब्द न शब्द.

काही दिवस भरती होतो. रोज रक्त बघत होते. एकदा तर उजाडता उजाडता घेतलं. मलमातलं स्टिरॉइड इतकं आत गेल्यानं शरीर स्वतःचं स्टिरॉइड बनवायचं काम विसरलंय का, ते त्यातून कळतं म्हणाले. विसरलं नव्हतं, जेमतेम. घरी सोडताना नवीन चिठ्ठी मिळाली. हलकं मलम, तेही दिवस कमी करत करत. मधल्या दिवशी नुसतं ओलावा धरणारं साधं मलम. दुसरं एक, स्टिरॉइड नसलेलं. आणि बजावलं की मलम लागलेल्या बाहीनं गॅसजवळ जायचं नाही, ते कापड भसकन पेट घेतं.

घरी आल्यावर खालांनी एक पट्टी शिवली. कापडाची, हातभर लांब, तिच्यावर बटणं. लाल बटण म्हणजे औषधाची संध्याकाळ, पांढरं म्हणजे साध्या मलमाची, आणि टोकाला एक मोठं काळं, कोटाचं. ते डॉक्टरकडं जायचं; पट्टी संपली की खाला नवी शिवत. रोज संध्याकाळी त्यांच्यासमोर एक बटण कापायचं, पण त्याआधी परीक्षा.

"बोल. कितना?"

"बोटाच्या रेघेपर्यंत."

"बांधना?"

"न्हाई."

"मुँह को?"

"न्हाई."

"बरं वाटलं तो?"

"तरी काळ्या बटणाला जायचं."

"शाबास. कैची ले."

आठवीत शाळा सुटलेल्या माणसाकडून एवढ्या प्रेमानं कुणी पाठांतर करून घेतलं नव्हतं. चुकलो तर कात्री मिळत नसे. एकदा मुद्दाम म्हणालो, "बांधना, हो." त्यांनी मोजपट्टी फेकून मारली.

कोपराच्या आतल्या जांभळ्या रेघा आता पांढऱ्या पडल्यात. त्या राहणार, असं डॉक्टरबाईंनी सरळ सांगितलं. मनगटाच्या शिरा हळूहळू बुडाल्या. मॅडमनी तोवर माझी जागा कुणाला दिली नाही, मला वहीत आकडे उतरवायला बसवलं. त्यांनी हे कधी बोलून दाखवलं नाही. मीही त्यांचे उपकार कधी नीट बोलून दाखवू शकलो नाही, इथं सांगतो.

चौथ्या काळ्या बटणाच्या आसपासची एक सकाळ. अंथरूण झटकलं, आणि कोपऱ्याशी चिमूटभर पांढरं पडलं. मी खाली बसलो. पंख्याच्या वाऱ्यानं ते भिंतीच्या कडेला गेलं, तिथं थांबलं, जुन्या जागी. मी ते कागदावर घेतलं, पण लगेच टाकायला गेलो नाही.

खाला दारातून म्हणाल्या, "आया क्या वापस?"

"आलं. थोडंसं."

"क्या करना?"

"साधं मलम, रोज. वाढलं तर डॉक्टर. आपल्या मनानं काही न्हाई."

त्या दिवशी फाटकावर अंगठा ठेवला. यंत्र थांबलं, नेहमीपेक्षा जरा जास्तच. मग हिरवा दिवा. काकांनी वही मिटली आणि म्हणाले, "आलं बाबा भूत अंगात."

दुपारी मॅडमनी माझ्यापुढं एक गुंडाळी ठेवली. महिन्यांनंतरची पहिली. मी रबरं काढली, प्लास्टिक सोडलं, कागद उलगडला. ओळीत दहा कोंब, जाड, पांढरे, दुधाळ. आरपार काही दिसत नव्हतं. मी पहिला उचलून तळहातावर घेतला. कातडी अजून कोवळी होती, पण माझी होती, कारण त्या कोंबाचं मूळ तिच्यावर टेकलेलं मला स्पष्ट जाणवलं. गार, ओलं, टोकदार. ते जरासं वळलं. खाली काही आहे का, ते चाचपत होतं.

मी तो कोंब जास्त वेळ धरला नाही. चांगल्यांच्या ढिगात ठेवला आणि दुसरा उचलला.